गावात मिटलेला तंटा मिटलेलाच राहू द्या : गृहमंत्री आणि विधी व न्यायमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री महोदय आणि मा. विधी व न्यायमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : तंटामुक्त समितीत झालेल्या तडजोडीला कायद्याचा आधार मिळण्याबाबत

स.न.वि.वि.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरातल्या एका गावचा निवृत्त पोस्टमास्तर. खेड्यातला पोस्टमास्तर म्हणजे शिक्के मारणारा तोच, सायकलवर टपाल वाटणाराही तोच. गावात कुणाचं कुणाशी फाटलं हे तेहेतीस वर्षं मला सगळ्यांच्या आधी कळायचं, कारण वकिलाची रजिस्टर नोटीस माझ्या हातून जायची. नोटीस घेणारा आधी धोतराला हात पुसायचा, सही करायचा आणि पाकीट न फोडता विचारायचा, "मास्तर, काय असंल हो ह्यात?" मला माहीत असायचं. मी म्हणायचो, "पोराकडून वाचून घे."

१५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावातली भांडणं गावच्याच समितीने समजुतीने मिटवायची, अशी ती मोहीम. तेव्हा गृहखातं आर. आर. आबा पाटलांकडे होतं. ग्रामस्वच्छता अभियानात त्यांनी गावंच्या गावं झाडू घेऊन रस्त्यावर आणली होती, त्यामुळे आबांनी काही सांगितलं की लोक निदान ऐकून तरी घ्यायचे. गावची समिती बसली आणि माझं अक्षर बरं म्हणून नोंदवही लिहायचं काम माझ्याकडे आलं. ती वही आजही माझ्या घरी पत्र्याच्या पेटीत आहे. कापडी बांधणीची, कडेला वाळवी लागलेली, काही पानांवर अंगठ्यांची निळी शाई पसरलेली. मी घरी ठेवून घेतली असं नाही. कुणी मागायलाच आलं नाही.

यंदाच्या ऑगस्टमधल्या ग्रामसभेत समितीचा विषय अगदी शेवटी, 'आयत्या वेळचे विषय' यात आला. लोक चपला घालत होते. एक नाव पुकारलं गेलं, चार जण "मंजूर" म्हणाले, सभा संपली. नवे अध्यक्ष त्या वेळी सभेत नव्हते, पुण्याला होते. त्यांना अध्यक्ष झाल्याचं व्हॉट्सॲपवर कळलं. त्याच आठवड्यात आमच्याच समितीने २०११ साली मिटवलेल्या एका विहिरीच्या भांडणात कोर्टाचं समन्स गावात आलं. म्हणून हे पत्र लिहायला बसलो. तुमच्या नावाने लिहितो आहे, पण गावोगावच्या लोकांनीही वाचावं अशी इच्छा आहे.

आधी माझं स्वतःचं सांगतो, म्हणजे मी कोणत्या तोंडाने बोलतो आहे ते कळेल.

१९९९ साली मी माझ्या चुलतभावावर तालुक्याच्या कोर्टात दावा लावला. त्याने बांध कोरला असं माझं म्हणणं होतं. पट्टी किती? चार फूट रुंद आणि एकशे ऐंशी फूट लांब. पाऊण गुंठाही नाही. त्या वेळच्या आमच्या कोरडवाहू भावाने तिची किंमत दोन हजारांच्या आत. आधी निशाणी ५ चा, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज चालला, मग त्याची कैफियत, म्हणजे लेखी उत्तर यायला दीड वर्ष गेलं. मध्ये चुलते वारले, तर त्यांचे वारस रेकॉर्डवर घेण्यात आणखी काही महिने. मग मोजणीचं कमिशन. एकूण ७१ तारखा मी गेलो. प्रत्येक तारखेला पोस्टात माझ्या जागी बदली माणूस द्यायचा, त्याचे पैसे मी भरायचे, एसटीचं भाडं वेगळं, वकिलाच्या कारकुनाचा चहा वेगळा. सवय असल्यामुळे हिशोब लिहून ठेवला होता. ३८,००० रुपये. भावाचे किती गेले ते मी कधी विचारलं नाही, पण त्याने त्या काळात एक बैल विकला हे गावाला माहीत आहे.

फेब्रुवारी २००८ मध्ये समितीने आम्हा दोघांना बोलावलं आणि सरळ बांधावर नेलं. सोबत एक म्हातारा होता. दोन्ही घरांकडे सालगडी म्हणून राबलेला, आमच्या दोघांच्या वडिलांचा औत धरलेला. त्याने काठीने एक जागा दाखवली आणि म्हणाला, "हितं खणा." दीड हात खाली हद्दीचा दगड लागला. तो माझ्या पट्टीत, माझ्याच बाजूला निघाला. म्हणजे बांध कोरला होता तो आमच्या औताने. मी नाही तर वडिलांनी, पण आमच्याच. दगड डोळ्यांसमोर होता, त्यामुळे वाद घालायला काही उरलंच नाही. संध्याकाळी भावाच्या घरी चहा झाला, पुढच्या तारखेला दोघांनी मिळून कोर्टात तडजोड पुरसिस, म्हणजे तडजोड झाल्याचं लेखी दिलं आणि दावा निकाली निघाला.

मी हरलो. तरी सांगतो, त्या दिवसासारखा न्याय मला ७१ तारखांत मिळाला नव्हता.

पण यात एक गोष्ट नीट लक्षात घ्या. आमचा दावा आधीच कोर्टात होता, म्हणून आमच्या तडजोडीवर कोर्टाचा शिक्का बसला. जे लोक शहाणपणाने कोर्टात गेलेच नाहीत, थेट समितीपुढे आले, त्यांच्या हातात काय पडलं? शंभराच्या स्टॅम्पवरचा एक कागद आणि माझ्या वहीतलं एक पान.

विहिरीचं प्रकरण तसंच. चार भाऊ, एक सामाईक विहीर. भांडण पाण्यावर कमी आणि लाईटीवर जास्त. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. ज्याची पाळी रात्रीच्या आठवड्यात येते त्याने विंचूकाट्यात दारं धरायची, म्हणजे पिकाला पाणी वळवत उभं राहायचं, आणि धाकट्याच्या वाट्याला नेमकं तेच यायचं. समितीने तीन बैठका घेतल्या आणि पाळी अशी फिरवली की रात्र प्रत्येकाला सारखी येईल. चौघांच्या सह्या झाल्या, दोन बायकांचे अंगठे. बारा वर्षं ती पाळी तंतोतंत चालली. मग थोरला वारला. त्याचा मुलगा शहरातून आला, त्याने कागद उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "हा कोर्टात चालतो का?" मी गप्प बसलो. कारण त्या कागदावर थेट अंमल मागता येत नाही. फार तर तो पुरावा म्हणून जोडून नव्याने दावा लावायचा. ज्या दाव्यापासून लोकांना वाचवायला समिती बसवली, तोच दावा. त्या पोराने पुढे दावा लावला, पण त्याला मी दोष देत नाही. त्याने प्रश्न बरोबर विचारला. उत्तर तुम्ही द्यायचं आहे.

आता बाकीच्या तक्रारी सांगतो, आणि त्यातल्या काही आमच्याविरुद्धच आहेत.

मोहिमेत गुण होते, गुणांवर बक्षीस होतं, लोकसंख्येप्रमाणे लाखांत. मोहिमेची बातमी चांगली लिहिणाऱ्या पत्रकारांनाही पुरस्कार होते. बक्षिसाला माझा विरोध नाही, पण मिटवलेल्या तंट्यांची मोजदाद सुरू झाली की काय होतं ते माझ्या वहीत वाचा. एका मार्चअखेरीला आकडा कमी पडत होता म्हणून दोन मित्रांचं कोंबडीवरून भांडण झाल्याचं मी लिहिलं आणि त्याच पानावर ते मिटवलं. दोघांना गाव अजून "कोंबडीवाले" म्हणतं. हे हसण्यावारी गेलं. पण आकड्याच्या दुसऱ्या टोकाला असंही झालं की डोकं फुटलेला माणूस पोलीस ठाण्यात गेला आणि त्याला सांगितलं गेलं, "आधी समितीकडे जा." गुन्हा कमी दिसावा म्हणून फिर्याद न घेणं याला तंटामुक्ती म्हणत नाहीत.

आणि एक पान असं आहे जे मी वर्षानुवर्षं उघडलं नव्हतं. २०१० सालचं. 'पती-पत्नी वाद, समजुतीने मिटला.' अक्षर माझं. ती मुलगी माहेरी आली होती, सासरी जायला तयार नव्हती. आम्ही पाच पुरुष बोललो. समितीत दोन बायका होत्या, त्यांना कुणी विचारलं नाही, सही तेवढी घेतली. घर मोडू नये, असं सगळ्यांचं मत पडलं. दीड महिन्याने ती हाताला प्लॅस्टर घालून परत आली. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा २००६ पासून लागू होता, संरक्षण अधिकारी नावाचं पद होतं, तिला मोफत वकील मिळण्याचा हक्क होता. यातलं आम्हाला काहीही माहीत नव्हतं, कारण आम्हाला कुणी काही शिकवलंच नव्हतं. तालुक्याला एक सभा झाली होती. हार, दीपप्रज्वलन, भाषण, जेवण. हे मी आमची चूक झाकायला सांगत नाही. चूक आमची होती. पण अडाण्यांच्या हातात औषधाची पेटी देऊन निघून जायचं, यालाही काही नाव असेलच.

म्हणूनच जे लोक म्हणतात की गावाचा न्याय गावातच व्हावा, कोर्ट-बिर्ट काही नको, त्यांच्याशी माझं जमत नाही. गावाच्या न्यायाला कुंपण नसलं की त्याची जातपंचायत व्हायला वेळ लागत नाही. दंड, वाळीत टाकणं, पायाखालची जमीन काढून घेणं, हे याच महाराष्ट्रात घडलं, म्हणून तर २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा करावा लागला आणि जुलै २०१७ पासून तो लागू झाला. मला पारावरची पंचायत परत नको आहे. तालुक्याचं कोर्ट आणि गावचा पार यांच्या मध्ये जी मोकळी जागा पडली आहे, तिथे काहीतरी धड उभं करा, एवढंच म्हणणं आहे.

या मोकळ्या जागेची झळ आमच्या भागात कुणाला बसते ते तुम्हाला मुंबईतून दिसणार नाही. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. कोयते कारखान्यांवर, घरी म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. कोर्टाची तारीख जानेवारीत पडते. माणूस कोल्हापूरकडे फडात, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे अंगावर. एका तारखेला यायचं तर जाण्यायेण्याचे दोन दिवस, दोन दिवसांचा खाडा, आणि जोडीतला एक नसला की दुसऱ्याचंही काम बसतं. तो येत नाही. मग निकाल एकतर्फी लागतो आणि गुढीपाडव्यानंतर गावी आल्यावर त्याला कळतं की आपण खटला हरलो. अशा चार तरी नोटिसा मी कुलूप असलेल्या दारातून परत पाठवल्या आहेत. राज्याच्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत पन्नास लाखांहून जास्त प्रकरणं पडून आहेत असं पेपरात येतं. त्यातल्या किती प्रकरणांत एक बाजू फडात असते, हे कोण मोजतं?

बरं, कायद्यांची काही कमतरता आहे असंही नाही. मोकळा वेळ आहे, म्हणून वाचलं.

ग्राम न्यायालय कायदा २००८ चा, अंमल २ ऑक्टोबर २००९ पासून. न्यायाधिकाऱ्याने गावात येऊन बसायचं, दिवाणी दाव्याची फी शंभर रुपयांच्या आत, सहा महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न, आधी समेट घडवायचा. वाचताना वाटतं, कुणीतरी आमचंच गाव डोळ्यांसमोर ठेवून लिहिलाय. आमच्या तालुक्यात असं न्यायालय मी अजून पाहिलेलं नाही.

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. त्यातली लोकअदालत ही माझ्या मते सगळ्यांत कामाची गोष्ट, कारण तिथे झालेला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा धरला जातो, त्यावर अपील नाही, आणि दाव्यात भरलेली कोर्ट फी परत मिळते. शिवाय दावा दाखल नसला तरी प्रकरण तिथे नेता येतं. दाखलपूर्व प्रकरण म्हणतात त्याला. विहिरीचा कागद घेऊन मी एकदा गेलो होतो. राष्ट्रीय लोकअदालतीचा दिवस, आवारात मांडव, बँकांची टेबलं ओळीने लावलेली, थकीत कर्जवाल्यांची रांग, पलीकडे वीजबिलं आणि वाहनांची चलनं. आमचा कागद पाहून कारकून म्हणाला, "दावा दाखल आहे का? नाही? मग इथं कशाला आणलं?" त्याचा आवाज वाईट नव्हता. संध्याकाळपर्यंत त्याला आकडा द्यायचा होता आणि बँकेची प्रकरणं पटापट निघतात.

तिसरा, मध्यस्थी कायदा २०२३ चा. त्यात सामुदायिक मध्यस्थीसाठी वेगळं प्रकरण आहे, तीन मध्यस्थांचं मंडळ आहे. मी आशेने वाचत गेलो. शेवटी लिहिलं आहे की अशी तडजोड परिसरातली शांतता राखण्यासाठी आहे, तिची हुकूमनाम्यासारखी अंमलबजावणी होणार नाही. म्हणजे पुन्हा थोरल्याच्या पोराचाच प्रश्न.

मनात आणलं तर सरकार काय करू शकतं तेही पाहिलं आहे. जानेवारी २०२३ मध्ये महसूल खात्याने सलोखा योजना काढली. एकाची जमीन दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याची पहिल्याकडे, असा बारा वर्षांचा ताबा असेल तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क हजार रुपये आणि नोंदणी फी हजार रुपये. संपलं. तलाठी आणि मंडळ अधिकारी जागेवर येऊन पंचनामा करतात. तडजोडीला किंमत द्यायची म्हणजे हेच. सही करणाऱ्याच्या हातात असा दस्त पडतो जो त्याच्या नातवालाही मोडता येत नाही. बांधाला, पाळीला, वाटेला, गटारीच्या पाण्याला असं काही का नाही?

तर आमच्या मागण्या. फार नाहीत, आणि पैशाच्या तर जवळजवळ नाहीतच.

एक, आणि हीच खरी मागणी. गावच्या समितीत दोन्ही बाजूंनी राजीखुशीने केलेली तडजोड दाखलपूर्व प्रकरण म्हणून तालुका विधी सेवा समितीकडे जावी आणि लोकअदालतीत तिचा निवाडा व्हावा. त्यासाठी तीन महिन्यांची राष्ट्रीय लोकअदालत येण्याची वाट बघायला लावू नका. महिन्यातून एक दिवस ठरवा, तालुक्याच्या बाजाराचाच, म्हणजे लोक तसेही आलेले असतात. निवाडा देण्याआधी न्यायाधीशांनी दोघांना वेगवेगळं बोलावून एवढंच विचारावं : कुणी दबाव आणला का? २०१० च्या त्या पोरीला कुणी एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं. याला नवा कायदा लागत नाही. एक परिपत्रक, एक नमुना अर्ज आणि कारकुनाला सक्त ताकीद लागते. गृहखातं आणि विधी खातं एकमेकांशी बोललं तर होईल, म्हणून पत्र दोन्ही खात्यांना एकत्र लिहिलं आहे.

दोन, समितीने कशाला हात लावायचा नाही याची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवा. बाईला मारहाण, बालकांवरचे अत्याचार, ॲट्रॉसिटी, आंतरजातीय लग्न केलेल्या जोडप्याची 'समजूत'. आणि ज्या गुन्ह्यात कायदा तडजोडीला परवानगी देत नाही ते सगळे. यादीखाली संरक्षण अधिकारी आणि विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर लिहा, मोठ्या अक्षरात.

तीन, प्रशिक्षण. हार-तुऱ्याची सभा नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या माणसाने दोन दिवस बसून ऐकायचं कसं, लिहायचं कसं आणि थांबायचं कुठे हे शिकवावं. समितीतल्या बायकांचं प्रशिक्षण आधी आणि वेगळं घ्या, नाहीतर त्या तिथेही चहाच करतील.

समितीची निवड ग्रामसभेत पहिल्या विषयात व्हावी, आणि वादातल्या कुणाचा सोयरा समितीत असेल तर त्या दिवशी त्याने बाजूला बसावं. मोजणीचं काय ते बघा : हद्दीच्या वादात समितीने अर्ज केला तर भूमी अभिलेखचा माणूस महिनाभरात बांधावर यावा आणि फी दोघांत निम्मी व्हावी. आमच्या म्हाताऱ्या सालगड्यासारखी दगड कुठे पुरलाय ते सांगणारी माणसं आता उरली नाहीत. तो स्वतःही २०१४ साली गेला.

बक्षीस द्यायचंच असेल तर मिटवलेल्या तंट्यांच्या आकड्यावर देऊ नका. तीन वर्षांनी येऊन बघा, मिटलेला किती टिकला. आमच्यासारख्या कोंबड्यांची गावं आपोआप गळतील.

ग्राम न्यायालयाबद्दल एवढंच : जिथे स्वतंत्र देणं शक्य नसेल तिथे निदान ऊसतोडीच्या तालुक्यांत पाडवा ते दसरा या काळात न्यायाधीशांनी महसूल मंडळाच्या गावी येऊन बसावं, आणि फडात असलेल्या माणसाची तारीख त्या काळातच लावावी.

या पत्राचं उत्तर मला आलं नाही तरी चालेल. उत्तर आमच्या ग्रामपंचायतीला पाठवा, म्हणजे ते फळ्यावर लागेल. विहिरीच्या दाव्याची पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. तोवर चारही घरं जुन्याच पाळीने पाणी घेत आहेत. दावा लावणारा पुतण्यासुद्धा. या आठवड्यात रात्रीची पाळी त्याचीच आहे.

आपला,
एक निवृत्त शाखा डाकपाल, ता. जि. बीडकडचा
(नोंदवही माझ्याकडे आहे. हवी असल्यास पोचपावती देऊन घेऊन जावी.)

प्रत माहितीसाठी :
१. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण
२. आमच्या ग्रामपंचायतीचा सूचना फलक
३. नवे समिती अध्यक्ष, सध्या मुक्काम पुणे